गव्हाण, मोठी, नग एक

जव्हार समुद्रापासून दीड हजार फूट उंचावर आहे. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण त्या वर्षी मला जो भेटेल तो हेच सांगत होता, आणि अशा आवाजात सांगत होता की ही बातमी माझ्यापर्यंत पोचलीच नसावी. वास्तविक मी, मोरेश्वर टिपणीस, जव्हार संस्थानच्या जंगल खात्यातला अव्वल कारकून. संस्थानातल्या यच्चयावत टेकड्यांच्या उंच्या माझ्याच अक्षरात लिहिलेल्या. तरीसुद्धा सन अठ्ठावीसच्या वैशाखात इगतपुरी स्टेशनावर मी एक शिडाची नाव उतरवून घेतली, बैलगाडीवर चढवली आणि डोंगरात निघालो. पूर्ण शुद्धीवर होतो.

नाव म्हणजे मचवा किंवा पडाव नव्हे. बारा फुटी डिंगी. मुंबईचे साहेबलोक नवशिक्यांना शीड कसे सांभाळायचे ते हिच्यावर शिकवतात, आणि शिकून झाले की हिच्यातच बसून क्लबात एकमेकांशी शर्यती लावतात. जंगलाच्या मोजणीला आलेले ब्लेक साहेब विलायतेला परत जाताना मी त्यांना निरोप द्यायला मुंबईस गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला तिच्यात बसवले. मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर गेलो. कोणी वल्हवत नाही, कोणी ओढत नाही, आणि तरी ती नाव एका कुशीवर कलून पाणी कापत जी सुटली, तेव्हा माझ्या पोटात जे काही झाले ते माझ्या लग्नातसुद्धा झाले नव्हते. (हे वाक्य मी घरात वाचून दाखवलेले नाही.) उतरल्यावर मी साहेबांना म्हणालो की आमच्या जव्हारला एवढा मोठा तलाव आहे आणि त्यात म्हशींखेरीज काही तरंगत नाही. साहेब हसले आणि म्हणाले, मग घेऊन जा. सोबत एक पातळशी इंग्रजी पुस्तिकाही दिली. तिथल्या तिथे माझ्या डोक्यात जव्हार नौका क्लब उभा राहिला. शनिवारी शाळेतल्या मुलांना शिक्षण, रविवारी शर्यती. अध्यक्षांची जागा मी विनयाने रिकामी ठेवली होती, पण खुर्ची कोणाच्या मापाची आहे ते मला ठाऊक होते.

खोडाळ्याला पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस. नागली, मिरच्या, सुकट, सगळे जागच्या जागी टाकून अख्खा बाजार गाडीभोवती जमला. धोंडीबाई नावाची एक म्हातारी मडकी विकायला बसली होती, तिने नावेच्या बुडाला नख लावून पाहिले, लाकूड चांगले आहे असे सांगितले आणि हा कोणता देव म्हणून विचारले. त्या बाजूला बोहाडा नुकताच उरकला होता. देवादिकांचे मुखवटे नाचवून झाल्यावर लोकांच्या मनात पुढच्या सालाची सोंगे घोळतच असतात, त्यामुळे दोघांनी हात जोडले आणि एकाने नारळ फोडला. मी खुलासा केला की ही नाव आहे, ही पाण्यावर आपोआप चालते. त्यावर एक जण म्हणाला की मग ती गाडीत का बसली आहे. प्रश्न अगदी शांतपणे विचारलेला होता. मी गाडीवानाला बैल हाकायला सांगितले.

पुढे चढावर गाडीचे चाक खडकावर चढून धाडकन खाली आले आणि नावेच्या कुशीतली एक फळी तडकली. मी गाडीमागून चालत होतो, तो आवाज मला स्वतःच्या बरगडीत ऐकू आला. पण खरा घात झाला तो संस्थानच्या हद्दीवर. मोखाडे इंग्रजी मुलखात, जव्हार संस्थानात, आणि मध्ये आमचा जकातीचा नाका. नाकेदार हा अत्यंत सज्जन आणि म्हणूनच अत्यंत धोक्याचा माणूस होता. त्याच्याजवळ मालाची छापील यादी होती. 'न' अक्षराखाली नवार निघाली, नाचणी निघाली, नारळ निघाले. नाव काही निघेना. त्याचे म्हणणे असे की जव्हारात आजवर नाव आलेलीच नाही, म्हणून यादीत ती नाही, आणि जे यादीत नाही ते आत सोडायचे कसे? मी त्याला विचारले की यादीत यावी म्हणून ती आधी आत यायला नको का. तो म्हणाला की विचार करण्यासारखे आहे, आणि खरोखरच विचार करत बसला.

वळिवाचे ढग चढत होते. बैल थकले होते. नाकेदाराने पुन्हा एकदा नावेला प्रदक्षिणा घातली आणि त्याचा चेहरा उजळला. लांबट, लाकडी, पोकळ, वरून उघडी. अशी वस्तू यादीत होती. तिचे नाव गव्हाण. शिवाय मी सरकारी नोकर, गाडीही सरकारी. तेव्हा सरकारी पागेची गव्हाण म्हणून लिहिले की कसलीच अडकाठी उरत नव्हती. त्याने झोकदार अक्षरात लिहिले, 'सरकारी पागेकरिता गव्हाण, मोठी, नग एक. सोबत लांब खुंटा.' खुंटा म्हणजे माझी डोलकाठी. पावसाचे थेंब पडायला लागले होते. मी सही केली. हुद्द्यासकट केली. अकरा वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाने निदान हुद्दा तरी लिहायला नको होता.

आठच दिवसांनी पागेचे दारोगा हैबतराव माझ्या दारात हजर. बरोबर घोड्यांची निगा राखणारे चार मोतद्दार आणि दोरखंड. हैबतराव भांडायला आले असते तर मी समर्थ होतो, पण ते गहिवरून आले होते. पागेतली जुनी गव्हाण वाळवीने खाल्ली होती, बिजली नावाची त्यांची म्हातारी घोडी जमिनीवरचे चंदी-गवत खाताना मान वाकवून थकत होती, आणि तीन वर्षे त्यांच्या अर्जाला कोणी उत्तर दिले नव्हते. आता नाक्यावरच्या नोंदीची नक्कल त्यांच्या हातात होती. "टिपणीस, तुमचा आमचा खात्याचा संबंध नाही, तरी तुम्ही मनावर घेतलंत," असे म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी गव्हाणीकडे मायेने पाहिले आणि टोकाकडे ती एवढी निमुळती का, असे विचारले.

मी खरे काय ते सांगितले. तेव्हा मात्र ते भांडले. सहीवर बोट ठेवून ही कोणाची, असे त्यांनी विचारले. प्रकरण कारभारीसाहेबांपुढे गेले. कारभारीसाहेब म्हणजे दरबारचा सगळा कारभार पाहणारे वृद्ध गृहस्थ. त्यांना हसताना पाहिलेला मनुष्य जव्हारात हयात नव्हता. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि हुकूम लिहवला: दसऱ्याच्या दिवशी सकाळी सदरहू वस्तू तलावात सोडावी. वल्ह्याचा उपयोग न करता केवळ वाऱ्याच्या जोरावर ती पलीकडच्या काठास जाऊन निघाल्या जागी परत आल्यास ती नाव समजावी. न आल्यास ती गव्हाण समजावी व पागेकडे पोचती करावी.

परत येण्याची अट ऐकून हैबतराव समाधानाने उठले. वारा जिकडे वाहतो तिकडे पाचोळाही जातो, पण त्याच वाऱ्यावर उलटा कोण येतो? पुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिले होते की नाव वाऱ्याच्या तोंडावर तिरकी धरून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे कापत गेले की ती वाऱ्याविरुद्ध येते. फक्त नावेच्या बुडातल्या चिरेतून एक लोखंडी पात खाली पाण्यात सोडलेली पाहिजे, नाहीतर ती आडवी घसरते. हे मी इतक्यांदा वाचले की मला ते पाठ झाले. त्यावर माझा विश्वास साधारण दिवसाआड बसत असे. पुस्तिकेत असेही होते की एकट्या नावेची शर्यत होत नाही, प्रतिस्पर्धी हवा. हे वाक्य मी कारभारीसाहेबांना उगीच वाचून दाखवले. हैबतराव ताडकन म्हणाले की प्रतिस्पर्धी आमची बिजली. ती तलावाला काठाने एक वेढा घालील, बघू आधी कोण येते. म्हणजे जव्हार नौका क्लबाची पहिली शर्यत एका म्हाताऱ्या घोडीशी ठरली.

पावसाळाभर मी पडवीत सराव केला. नाव दोन पाटांवर ठेवली, शीड म्हणून जुने लुगडे बांधले, आणि वारा म्हणून मंडळींना सूप घेऊन उभे केले. मंडळी म्हणजे माझी पत्नी, गौरा. तिने पहिल्या दिवशी वारा घातला, दुसऱ्या दिवशी वारा घालता घालता तांदूळ पाखडले आणि तिसऱ्या दिवशी सांगितले की वारा स्वयंपाकघरात आहे, नाव तिकडे आणा. समोर राहणारे निवृत्त मास्तर दत्तोपंत उकिडवे रोज येऊन पायरीवर बसत. उकिडवे एकदा हर्णैपर्यंत आगबोटीने गेले होते आणि वाटभर आडवे पडून होते, एवढ्या अनुभवावर ते मला दर्यावर्दी सल्ले देत. लिंबू जवळ ठेवा, क्षितिजाकडे पाहा, पोट रिकामे ठेवू नका, आणि पोट भरलेलेही ठेवू नका. जव्हारच्या तलावाला क्षितिज नाही, पलीकडे भाताची खाचरे दिसतात, असे मी म्हटले तर ते रागावून दोन दिवस आले नाहीत.

तडकलेल्या फळीसाठी साग हवा होता. सागाला संस्थानात हात लावायचा तर जंगल खात्याची परवानगी लागते, तेव्हा मी रीतसर अर्ज केला. अर्ज दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आला. त्यावर अभिप्राय मीच द्यायचा होता. स्वतःच्या कामात सवलत घेतली असे कोणी म्हणू नये म्हणून मी तो जास्तच बारकाईने वाचला आणि अर्जदाराने प्रयोजन मोघम लिहिले आहे असा शेरा मारून परत केला. घरी आल्यावर मला त्या कारकुनाचा मनस्वी संताप आला. मी खुलासेवार उत्तर लिहिले. त्यातही एक उणीव राहिली होती, ती मी कचेरीत गेल्यावर लक्षात आणून दिली. असे श्रावण आणि भादवा गेले. शेवटी वरिष्ठांनीच वैतागून सही केली आणि या दोन टिपणीसांना एकदा समोरासमोर बसवा, असे ते कोणाला तरी म्हणाल्याचे मी ऐकले.

फळी बसवायला साखरशेतचा लाडक्या मिळाला आणि नाव त्याच्याकडे गेली. पन्नाशीचा, काटक, बोलण्यात कंजूष. नांगर, गाड्यांची चाके, आणि मासेमारीच्या डोणी तो करीत असे. एक अख्खे खोड पोखरून केलेल्या त्या डोणी वीस वीस वर्षे थेंबभर पाणी आत घेत नाहीत असा त्याचा लौकिक. त्याचा एक नियम होता: काम चालू असताना मालकाने बघायला यायचे नाही. मालकाने अर्धे काम पाहिले तर लाकूड रुसते. मी दोनदा साखरशेतला गेलो आणि दोन्ही वेळा त्याच्या बायकोने, सुकरीने, मला झाडाखाली बसवून नागलीची पेज पाजली आणि परत पाठवले. काम संपले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याच्या सकाळी आठ माणसांनी नाव उपडी करून खांद्यावर घेतली आणि थेट तलावावर आणली.

आता त्या सकाळचे काय सांगू. दसऱ्याला जव्हारात दरबार भरतो म्हणून गावोगावची माणसे आधीच आलेली, ती सगळी सोने लुटायच्या आधी तलावाच्या पाळीवर. पूर्वेकडून मोकळा वारा वाहत होता. मी पांढरे स्वच्छ धोतर नेसून, कोट घालून, पुस्तिका खिशात ठेवून आलो होतो. ब्लेक साहेबांचे खरे शीड पहिल्यांदाच उलगडले तेव्हा ते फडफडून एवढा आवाज झाला की पाळीवरची माणसे मागे सरली. शिडाची दोरी एकाने धरायची आणि पात एकाने सांभाळायची, म्हणून लाडक्या माझ्याबरोबर बसणार होता. त्याने आधी पाण्यात मूठभर तांदूळ सोडले, नारळ वाहिला, मग नावेत पाय ठेवला. हैबतरावांनी बिजलीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती. तिला त्यांनी लगाम धरून पायीच न्यायचे ठरवले होते, कारण वर बसणे तिला सोसले नसते. कारभारीसाहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी रुमाल खाली टाकला.

शीड एकदम भरले आणि आम्ही सुटलो. तलावाचे पाणी नावेच्या टोकाखाली खळखळू लागले, काठ मागे पळू लागला, कोणीतरी संबळ वाजवायला सुरुवात केली. वारा पाठीमागून होता. पाठवाऱ्याला पात वर काढून ठेवावी, असे पुस्तिकेत होते, म्हणून ती लाडक्याच्या पायाशी आडवी पडली होती. मी सुकाणू धरून मोठ्याने हसत होतो. अव्वल कारकुनाने चारचौघांत इतके हसू नये हे मला कळत होते, पण इलाज नव्हता. बिजलीने पाव वेढाही घातला नसेल तोवर आम्ही पलीकडच्या काठाला पोचलो. लाडक्याने हात लांब करून काठावरचे गवत उपटले आणि पुरावा म्हणून नावेत टाकले.

मी नाव फिरवली, शीड आत ओढले आणि वाऱ्याला तिरकी धरली. नाव वाऱ्याकडे तोंड करून राहिली खरी, पण पुढे जाण्याऐवजी ती आडवी आडवी काठाकडेच घसरू लागली. हे पुस्तिकेप्रमाणेच चालले होते. मी म्हणालो, "लाडक्या, आता पात खाली सोड."

लाडक्याने पात उचलून नावेच्या मध्यावर, बुडाच्या चिरेवर बसवलेल्या उभ्या खोक्यात घातली. ती हातभर आत गेली आणि टक्क असा आवाज करून थांबली.

"नाय जात, रावसाहेब."

"का नाही जात?"

"खालचा भोक मी बुजवला. काल." त्याच्या तोंडावर मोठे समाधान होते. "तुमचा तो गोरा साहेब लबाड व्हता. बुडाला येवढा भोक, आनि कुनाला दिसू नये म्हनून वर खोका बसवला. मी सागाची चीप मारली, राळ भरली. आता मरेस्तो पानी नाय यायचा."

मी वळून पाहिले. लांब पाळीवर माणसांची रांग दिसत होती, आणि काठाने झेंडूची माळ घातलेली बिजली संथपणे येत होती. ती मध्येच कोणाच्या तरी नागलीत शिरली होती आणि हैबतराव तिला ओढत होते, पण घोडी आज ना उद्या वेढा पुरा करणारच होती. माझी डिंगी मात्र आडवी घसरत चिखलाकडे चालली होती. मी लाडक्याला सांगितले की ते भोक मुद्दाम ठेवलेले आहे, ते उघडल्याशिवाय नाव परत जाणार नाही. त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. ज्याने आयुष्यभर नावा पाण्यापासून राखल्या, त्या माणसाला मी भर पाण्यात बुडाला भोक पाडायला सांगत होतो. मी खिशातून पुस्तिका काढून ते चित्र दाखवले. हे लिहिणारा माणूस बुडला की जगला, असे त्याने विचारले. जगला, म्हणूनच लिहिले, असे मी म्हणालो. हे त्याला फारसे पटलेले दिसले नाही.

"तुमाला पवता येतं?" त्याने विचारले.

"नाही."

"आनि तरी भोक पाडा म्हनता?"

"हो," मी म्हणालो.

"मंग खरं असंल," असे म्हणून लाडक्याने कमरेचा कोयता काढला, उलटा धरला आणि पातीच्या माथ्यावर घाव घालायला सुरुवात केली. पहिल्या तीन घावांना काही झाले नाही. त्याचे काम पक्केच होते. चौथ्याला काहीतरी करकरले. पाचव्याला चीप खालून निसटली, पात सर्रकन पाण्यात गेली आणि खोक्यातून पाणी बदाबदा वर चढू लागले. मी डोळे मिटले. मला मंडळींची आठवण झाली, आणि लाज सांगायला हरकत नाही, कचेरीत अर्धवट टाकलेल्या एका फाइलीचीही झाली.

पाय कोरडेच आहेत हे लक्षात आल्यावर मी डोळे उघडले. लाडक्या खोक्यावर ओणवा होऊन आत बघत होता. पाणी खोक्याच्या काठाच्या वीतभर खाली येऊन थांबले होते, पुढे एक थेंब चढत नव्हता. "आला आनि थांबला," तो हळूच म्हणाला. बाहेर पाणी जेवढे, आत तेवढेच, हे त्याने बोट घालून ताडून पाहिले. आणि त्याच क्षणी डिंगीने घसरणे सोडले. तिने कूस बदलली, शीड ताठ झाले, आणि ती वाऱ्याच्या तोंडावर तिरकी अशी निघाली की मुंबईत जे पोटात झाले होते ते पुन्हा झाले, या वेळी दुप्पट झाले, कारण सुकाणू माझ्या हातात होते.

पाळीवर मात्र हाहाकार उडाला. आम्ही निघाल्या जागेकडे न येता उत्तरेच्या बाजूला चाललो होतो. उकिडवे पाण्यात गुडघाभर उतरून मला लिंबू चोखायला सांगत होते असे नंतर कळले. मग मी नाव फिरवली, शीड डोक्यावरून दुसरीकडे गेले, जाताना माझी पगडी घेऊन गेले, आणि आम्ही दक्षिणेकडे निघालो. पुन्हा फिरवली, पुन्हा उत्तरेकडे. तिसऱ्या फेरीला लोकांच्या ध्यानात आले की हे लोक वाट चुकलेले नाहीत, प्रत्येक फेरीला जवळ येताहेत. हाहाकाराचा आरोळ्यांत पालट झाला. लाडक्याला मी काही सांगेनासा झालो, कारण नाव कलली की तो आपणहून वरच्या कडेवर जाऊन बसत होता. शेवटच्या फेरीला बिजली निघाल्या जागेपासून दोनशे पावलांवर होती. हैबतराव तिच्या पुढे धावत होते, घोडी चालत होती. मी दात-ओठ खाऊन दोरी ओढली. आम्ही दहाएक हातांनी पुढे होतो, मग वीस हातांनी, आणि मग मला आठवले की नाव थांबवायची कशी ते प्रकरण पुस्तिकेच्या शेवटी आहे आणि तिथवर माझे वाचन गेलेले नाही.

डिंगी भरल्या शिडाने चिखलात चढली आणि कारभारीसाहेबांच्या खुर्चीपासून चार हातांवर थांबली. मी पुढे पडलो, धोतर चिखलात, पुस्तिका पाण्यात. पण मी परत आलो होतो. बिजली मागून आली आणि आधी पाणी प्यायली.

हैबतराव धापा टाकत म्हणाले की नाव सरळ आली नाही, वाकडी आली, ते धरू नये. कारभारीसाहेबांनी कारकुनाला जवळ बोलावले आणि लिहवले: नोंदीतून 'गव्हाण' काढून 'नाव' लिहावे. पागेला नवी गव्हाण याच सुताराकडून करून द्यावी. खुंटा, डोलकाठी समजावा. नोंदीत 'सरकारी' होते ते मात्र तसेच राहिले, त्याला माझ्या सहीचा आधार होता. म्हणजे माझी डिंगी त्या क्षणी माझी उरली नाही. दर शनिवारी शाळेच्या मुलांना टिपणीस यांनी शिक्षण द्यावे असेही पुढे लिहवले गेले, आणि ते ऐकताना मला इतका आनंद झाला की नाव कोणाची याचे मला काही वाटेना.

कागदावर सही झाल्यावर कारभारीसाहेब उठले. त्यांनी जोडे काढले. दरबारचे सगळे लोक पाहत असताना त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचले, चिखल तुडवत नावेपाशी आले आणि लाडक्याला विचारले की कुठे बसायचे. लाडक्याने त्यांना मधली फळी दाखवली आणि खोक्यात हात घालू नका, त्यातले पाणी आपल्या जागी बरे आहे, असे बजावले. मी सुकाणूकडे निघालो तर कारभारीसाहेब म्हणाले, "टिपणीस, तुम्ही काठावर राहा. तुम्हाला थांबवता येत नाही."

मी काठावर राहिलो. आठजणांनी नाव पाण्यात लोटली, लाडक्याने शीड ओढून घेतले, आणि नाव गेली. आजपर्यंत मी तिच्या आत होतो, मला दिसले होते ते शिडाचे कापड, दोऱ्या आणि स्वतःची भीती. काठावरून ती चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पांढरे शीड पाण्यावर तिरके होऊन चालले होते, लाडक्या कडेवर रेलून बसला होता आणि तलावाच्या मध्यावरून एका म्हाताऱ्या माणसाचे मोकळे, खणखणीत हसणे ऐकू येत होते. माझे डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत, कारण हात चिखलाने भरले होते.

मंडळी केव्हा शेजारी येऊन उभी राहिली ते कळले नाही. तिने माझ्या धोतराकडे पाहिले, बोडक्या डोक्याकडे पाहिले, आणि मी आता काय ऐकावे लागणार म्हणून वाट पाहू लागलो. पण तिची नजर नावेकडे गेली. मग तिने पदर कमरेला खोचला.

"पुढच्या फेरीला मी बसणार," ती म्हणाली. "तुम्ही या वाटल्यास. पण सुकाणू लाडक्याकडेच राहू द्या."